डबे वाढवण्याआधी फेऱ्या मोजा, भरती बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कारवार तालुक्यातल्या तुमच्या गावच्या किनाऱ्यावर युवक मंडळ आणि ग्रामपंचायत यांनी मिळून ६० लिटरचे १२ डबे ठेवले. रविवारी संध्याकाळी सहाच्या आसपास ते भरून वाहतात. रात्री कुत्री आणि पहाटे कावळे ते उपसतात. सोमवारी सकाळी झाडायला बायका येतात तोवर बराच कचरा पाण्यात गेलेला असतो. आता एक देणगीदार आणखी २० डबे द्यायला तयार आहे. ते कसले घ्यावेत आणि कुठे ठेवावेत, हे तुम्हाला हवंय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. देणगीदाराला नाही म्हणू नका, पण महिनाभर थांबायला सांगा. तुमच्याकडे डबे कमी नाहीत, ते रिकामे करायला माणूस कमी आहे. असलेले डबेही चुकीच्या जागी उभे असणार, अशी मला दाट शंका आहे.

मी बेळगावचा. सफाईच्या कामात सत्तावीस वर्षं काढली. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर पौर्णिमेच्या यात्रा, पावसाळ्यात गोकाकच्या धबधब्यावरची गर्दी, गणपती विसर्जनाला कपिलेश्वर तलाव, आणि मधली काही वर्षं तुमच्याच बाजूला किनाऱ्याची कामं केली. यात्रेत आणि चौपाटीवर माणूस सारखाच वागतो. हातातली वस्तू खाऊन संपली की दहा-वीस पावलांत टाकायला जागा दिसली तर तो तिथे टाकतो, नाही दिसली तर पायाशी. फरक जमिनीत आहे. डोंगर जागचा हलत नाही, किनारा मात्र दिवसातून दोनदा लहान-मोठा होतो. ते मी शेवटी सांगणार होतो, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, म्हणून आधी.

तुमच्या गावातल्या जुन्या रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना विचारा, ते तिथीवरून भरती सांगतील. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची साधारण वेळ येते. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीची पाऊणपट सहा. तासभर इकडेतिकडे होतं, नेमकी वेळ छापील तक्त्यात बघावी, पण सफाईच्या कामाला एवढा अंदाज पुरतो. आता याचा अर्थ बघा. पौर्णिमेच्या आसपासचा रविवार असेल तर संध्याकाळी पाचच्या सुमारास ओहोटी असते. किनारा भलामोठा मोकळा होतो. माणसं खाली ओल्या वाळूपर्यंत पसरतात, तिथेच बसून भेळ खातात, बाटल्या तिथेच ठेवून उठतात. आणि रात्री अकराच्या सुमारास उधाणाची भरती येते, तीही नेहमीपेक्षा वरपर्यंत. सकाळी सहाला झाडायला येणाऱ्या बाईला किनारा स्वच्छ दिसतो. तो स्वच्छ झालेला नसतो, रात्रीत धुतला गेलेला असतो.

अष्टमीच्या आसपास उलट. संध्याकाळी सहाला पाणी वर असतं, गर्दी सुरूच्या बनाच्या कडेला कोरड्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या पट्ट्यावर, दाटीनं बसते. भांगाचं पाणी, म्हणजे अष्टमीकडची लहान भरती, फार वर चढत नाही. कचरा रात्रभर जागेवर राहतो. त्या दिवशी सकाळची झाडलोट चालते.

म्हणजे ‘रोज सकाळी सहा ते नऊ सफाई’ असं जे वेळापत्रक सगळीकडे लावलेलं असतं, ते महिन्यातले निम्मे दिवस निकामी आहे. तुमची माणसं तेवढीच ठेवा, पगार तेवढाच द्या, फक्त पौर्णिमा-अमावस्येच्या आधीचे दोन आणि नंतरचे तीन दिवस त्यांची पाळी संध्याकाळी साडेसहा ते नऊ अशी करा. कालनिर्णयवर खुणा करून पंचायतीच्या भिंतीवर लावा. एवढा एक बदल केलात आणि बाकी माझं काहीच ऐकलं नाहीत, तरी समुद्रात जाणारा कचरा डोळ्यांना दिसेल इतका कमी होईल.

बायकांना रात्री नऊपर्यंत थांबवणार असाल तर घरी सोडायची गाडी आणि डोक्याला लावायचे दिवे आधी ठरवा. ते न ठरवता पाळी बदलणं मला मान्य नाही.

आता डब्यांचा हिशेब. किती माणसं येतात हे कुणी मोजत नाही, सगळे ‘हजारो’ म्हणतात. तुम्ही चार रविवार मोजा. पार्किंगमध्ये गाड्या मोजल्या तरी चालेल. आणि संध्याकाळी गोळा झालेली पोती मोजा. उदाहरणादाखल धरू की ३००० माणसं आली आणि माणशी अर्धा लिटर कचरा झाला. वजनात तो क्षुल्लक असतो, पण कागदी कप, द्रोण, वेफर्सची पाकिटं जागा फार खातात, म्हणून किलोत न मोजता लिटरमध्ये मोजायचं. एकूण १५०० लिटर. त्यातला पाऊण भाग, म्हणजे ११२५ लिटर, साडेचार ते साडेसात या तीन तासांत पडतो. तुमचे १२ डबे ६० लिटरचे, पण डबा काठोकाठ भरू द्यायचा नसतो, पाऊण भरला की उचलायचा. तेव्हा एका डब्याचे ४५ लिटर, बारांचे ५४०. एकदाही न उचलता ते साडेसहाच्या आधीच संपणार, आणि तुम्हीही तेच लिहिलंय. पण त्या तीन तासांत दोनदा रिकामे केले तर ५४० गुणिले तीन, १६२० लिटर. म्हणजे आहे त्या बारांत रविवार निघतो, वर जागा उरते. दोन माणसं, एक हातगाडी, दोन फेऱ्या.

आणखी २० डबे ठेवून फेरी एकही वाढवली नाहीत तर काय होईल? रविवार कसाबसा जाईल. पण सोमवारी १२ ऐवजी ३२ डबे उपसायचे, धुवायचे, आणि माणसं तेवढीच. आठवडाभरात लांबचे डबे कुणी उचलेनासं होतं. भरून वास मारणारा डबा नसलेल्या डब्यापेक्षा वाईट, कारण लोक त्याच्या शेजारी पिशव्या ठेवू लागतात. एकदा शेजारी पिशवी पडली की ती जागाच उकिरडा म्हणून ओळखली जाते. बेळगावात गल्लोगल्लीच्या कोपऱ्यांवर हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर वाद घालायची आता इच्छा होत नाही.

हिशेबात मी एक गोष्ट धरली नाही, शहाळी. साठ लिटरच्या डब्यात पंधरा-सोळा शहाळी पडली की डबा संपला. रविवारी दोनशे शहाळी खपत असतील तर तुमचे सगळे बारा डबे एकट्या शहाळ्यांनी भरतील. कणसांचंही तसंच. गोकाकला पावसात भाजलेलं कणीस खाल्ल्याशिवाय माणूस परतत नाही, आणि दाणे खाऊन उरलेल्या ओल्या बुरकुंडांनी भरलेला डबा दोघांना उचलत नाही, हे तिथे शिकलो. शहाळं डब्यात पडूच द्यायचं नाही. विकणाऱ्यानं गाड्याच्या मागे बांबूचं किंवा जाळीचं कुंपण करायचं, पिऊन झालेलं शहाळं गिऱ्हाइकाकडून परत घ्यायचं आणि कोयत्यानं तिथल्या तिथे चार फाका करून टाकायचं. फाका केल्या की जागा कमी लागते, लवकर वाळतात आणि मुख्य म्हणजे आत पाणी साठत नाही. अख्ख्या रिकाम्या शहाळ्यात पावसाचं पाणी साठलं की डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. वाळलेल्या फाका चुलीला, गुऱ्हाळाला, वीटभट्टीला जातात, माडाच्या आळ्यात घातल्या तरी उत्तम. विक्रेते कुरकुर करतील. त्यांना सांगा की २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच रस्त्यावरच्या विक्रेत्यावर स्वतःचा कचरा साठवायला स्वतःचं भांडं ठेवण्याची जबाबदारी घातली. पण नियम दाखवून काम होत नाही, हेही सांगतो. रोज संध्याकाळी सात वाजता तुमची गाडी त्यांच्या मागच्या कुंपणापाशी न चुकता पोचली, तर ते स्वतःहून फाका करतात. गाडी दोन दिवस चुकली की शहाळी पुन्हा सुरूच्या बनात.

जागा कुठली, यावर माझी एक चूक सांगतो. कामाला लागून फार वर्षं झाली नव्हती. एका किनाऱ्यावर मोठा कार्यक्रम होता, गर्दी होणार म्हणून मला चाळीस डबे मिळाले होते. मी ते पाण्याच्या कडेनं, ओळीत, पंचवीस-तीस पावलांवर एक असे लावले. संध्याकाळी फोटोत फार छान दिसले. तिथी बघितली नव्हती. रात्री उधाण आलं, आणि पहाटे टॉर्च घेऊन गेलो तर सहा-सात डबे पाण्यात तरंगत होते, त्यांतलं सगळं लाटांवर पसरलेलं. बाकीच्यांत वाळू भरली होती. दहा लिटर कोरडी वाळू जवळजवळ सोळा किलो भरते, ओली त्याहून जड. एकेक डबा ओढत रस्त्यापर्यंत आणताना एका पौरकार्मिकाच्या, म्हणजे सफाई कामगाराच्या, पाठीत उसण भरली, तो पंधरा दिवस कामावर येऊ शकला नाही. रोजंदारीवरचा माणूस होता. चूक माझी होती आणि भोगलं त्यानं. त्यानंतर मी पुळणीवर डबा ठेवला नाही.

डबे ठेवायचे ते माणूस किनारा सोडतो तिथे. किनाऱ्यावर शिरायच्या वाटा चार असतील, पण बाहेर पडायच्या नेहमीच्या दोनच असतात, पार्किंगकडची आणि पाय धुवायच्या नळाकडची. नळाजवळ माणूस थांबतो, चप्पल झटकतो, मुलांचे कपडे बदलतो, हातातलं ओझं कमी करतो. तिथे तीन-चार डबे एकत्र. मग खाण्याच्या गाड्यांपाशी, पण गाड्याला लागून नको, गिऱ्हाईक खात-खात जिथे पोचतं तिथे, पंधरा-वीस पावलांवर. उतरणीच्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला. आणि सुरूच्या बनातून जिथे पायवाट फुटते तिथे. बाकाला लागून ठेवू नका, माश्या आणि वास यानं बाक रिकामं पडतं आणि लोक उठून खाली वाळूत बसतात. सगळे डबे अशा जागी, जिथवर हातगाडी किंवा रिक्षाटेम्पो टायर न रुतता येतो. ज्या डब्यापर्यंत चाक जात नाही तो डबा पावसाळ्याआधी बंद पडतो.

वाऱ्याचंही बघा. दुपारभर वारा समुद्रावरून जमिनीकडे, म्हणून हलकं प्लास्टिक सुरूच्या झाडांच्या बुंध्यांशी जमतं. रात्री वारा फिरतो, जमिनीवरून पाण्याकडे. बनात अडकलेलं तेच प्लास्टिक मग उलटं निघतं. म्हणून संध्याकाळच्या फेरीत आधी बनाची कड वेचायची, मग डबे. आणि डब्याचं तोंड उघडं नको, झाकणात कपाएवढं गोल भोक ठेवा. त्यातून हात घालता येत नाही, कावळा काही ओढून काढू शकत नाही, आणि घरचा कचरा पिशवीत बांधून आणणाऱ्याची पिशवीही शिरत नाही. हा शेवटचा त्रास गावाजवळच्या प्रत्येक किनाऱ्यावर असतो. घंटागाडी चुकली की घरचा कचरा पहाटे किनाऱ्यावरच्या डब्यात येतो. तुमचे डबे सकाळी आठलाच अर्धे दिसत असतील तर पर्यटकांना दोष देण्याआधी गावातल्या घंटागाडीची वेळ तपासा.

कसला डबा? झुलते स्टीलचे जोडडबे घेऊ नका. खारी हवा साधं लोखंड एका पावसाळ्यात खाते. नट आधी गंजतात, मग डबा एका कानावर लोंबकळतो, मग रात्रीत भंगारात जातो. भारी प्रतीचं स्टील टिकतं, पण त्या किमतीत वर्षभर संध्याकाळच्या फेरीला एक माणूस ठेवता येईल का, हा हिशेब आधी करा. मला आजवर सगळ्यात चांगला चाललेला प्रकार साधा आहे: जाड प्लास्टिकचा निळा ड्रम, मध्ये कापलेला, तळाला बोटाएवढी आठ-दहा भोकं, आत विणलेलं पोतं रिंगेनं अडकवलेलं, वर भोकाचं झाकण, आणि ड्रम खांबाला साखळीनं बांधलेला. भोकांतून पाणी आणि वाळू खाली जाते. पोतं उचललं की काम झालं, डबा उलटा करायला लागत नाही. चार रिकामी पोती घडी करून त्याच डब्याच्या तळाशी ठेवा, म्हणजे फेरी मारणाऱ्या माणसाला दरवेळी गोदामापर्यंत जावं लागत नाही. तोंड जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटांवर, लहान मुलाचा हात पोचला पाहिजे. कचरा सर्वांत हौसेनं डब्यात टाकतात ती मुलंच. ड्रम घेताना आत पूर्वी काय होतं ते विचारून घ्या, रसायनाचा असेल तर नको.

ओला आणि सुका असे दोन नेहमी जोडीनं ठेवा. एकटा हिरवा किंवा एकटा निळा डबा ठेवलात तर त्यात सगळंच पडतं. लोकांना वेगळं करायला कुणीतरी लिहून समजावेल आणि मग ते करतील, असं होत नाही. आमच्या सीमाभागात पाट्यांचा विषय तसाही नाजूक. तुमच्या किनाऱ्यावर कन्नड, कोंकणी, मराठी, हिंदी, सगळ्या भाषांची माणसं येतात. चार भाषांत लिहायला गेलात तर अक्षरं इतकी बारीक होतात की एकही भाषा वाचता येत नाही. मी करायचो ते असं: निळ्या डब्याच्या झाकणावर रिकामी पाण्याची बाटली, वेफर्सचं पाकीट आणि कागदी कप खरेखुरे तारेनं बांधायचे. हिरव्यावर लाकडी चमचा, केळीचं साल रंगवून. रात्रीच्या अंधारात, चष्मा नसताना, अक्षरओळख नसताना, सगळ्यांना कळतं. दर महिन्याला बदलावे लागतात, पण त्याला पैसे लागत नाहीत.

मात्र एक अट. तुमच्या जोडडब्यांतला कचरा एकाच ट्रॉलीत ओतला जाताना एकाही माणसानं पाहिलं, तर ती जोडी संपली. गाडीत मध्ये फळी टाका, नाहीतर ओला आणि सुका वेगळ्या फेरीत न्या. त्याशिवाय जोडीची सुरुवातच करू नका.

काचेच्या बाटल्या हा तुमच्या झाडणाऱ्या बायकांच्या दृष्टीनं सर्वांत गंभीर विषय. दारू किनाऱ्यावर प्यायची नाही असा फलक असतोच, बाटल्याही असतातच. त्या पोत्यात गेल्या की फुटतात, आणि पाठीवर टाकलेल्या पोत्यातून काच बरगडीत घुसते. बाटल्यांसाठी पार्किंगच्या कडेला उघडा प्लास्टिकचा क्रेट ठेवा, शीतपेयांचा असतो तसला. दारू पिणाराही क्रेटमध्ये बाटली नीट उभी ठेवतो, हे मला आधी पटत नव्हतं, पण पाहिलंय. भंगारवाला क्रेट स्वतः येऊन रिकामा करतो. तुमच्या टपऱ्यांवर काचेच्या बाटलीतलं पेय विकलं जात असेल तर दहा रुपये अनामत घ्यायला लावा, बाटली परत दिली की पैसे परत. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दारूदुकानांत दहा रुपयांची अशी अनामत सुरू झाली. तुमच्याकडे तीन-चार टपऱ्या, त्यांनी एकत्र बसून ठरवलं की झालं.

आता आमच्या बेळगावकरांबद्दल. डिसेंबर-जानेवारीत शनिवारी रात्री बेळगाव, खानापूर, निपाणीकडून बसा भरून निघतात. शाळांच्या सहली, भिशीमंडळं, गल्लीतली तरुण मंडळं. बरोबर भांडी, गॅस, तांदळाचं पोतं. किनाऱ्याकडेला भात, रस्सा शिजतो, पन्नास-साठ माणसं पत्रावळीवर जेवतात. उरलेला भात आणि पत्रावळी एवढ्या की एका बसनं तुमचे चार डबे संपतात, आणि रात्रीची कुत्री त्या भातासाठीच येतात. या लोकांना डबा दाखवून उपयोग नाही. बस पार्किंगला लागताच पावतीबरोबर दोन पोती हातात द्या, एक भात-पत्रावळीचं, एक कोरड्याचं. बसचा नंबर वहीत लिहा आणि जाताना भरलेली पोती पार्किंगवरच परत घ्या. दमदाटी नको. ‘दादा, पोती भरून इथंच द्या की’ एवढं म्हटलं तरी पुरतं. पोतं हातात घेतलेला माणूस मंडळातल्या दुसऱ्याला ओरडून सांगतो, ते तुमच्या स्वयंसेवकानं सांगण्यापेक्षा जास्त लागू पडतं. शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर तीन कामाचे दिवस आधी पंचायतीला कळवायची अट २०१६ च्या नियमांत होतीच. ती मंडप घालणाऱ्यांना लागू करा, आणि परवानगी देतानाच सफाईचं ठरवून घ्या.

प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरी त्या येतात. बाहेरून येणाऱ्याची पिशवी तपासत बसू नका, गाड्यांवर विकल्या जात नाहीत एवढं बघा.

निर्माल्याचं मात्र वेगळं करा. लोक फुलं, हार, जुन्या तसबिरी समुद्रात सोडतात. हिरवा-निळा कुठलाही डबा दाखवा, देवाचं फूल कुणी कचऱ्यात टाकणार नाही, आणि टाकावं असं मीही म्हणणार नाही. कपिलेश्वर तलावावर आम्हाला हे नीट कळलं. निर्माल्य कलश वेगळा हवा, कचऱ्याच्या डब्यापासून दूर, उंच ओट्यावर, रोज धुतलेला, जमल्यास तुळशीजवळ. त्यातलं प्लास्टिक आणि दोरे काढून फुलांचं खत गावच्याच झाडांना घाला आणि ते घातलेलं लोकांना दिसू द्या.

गाडीबद्दल एक कळकळीची विनंती. सफाईसाठी ट्रॅक्टर पुळणीवर उतरवू नका. तुमच्या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते मार्च-एप्रिल. अंडी वाळूत दीड-दोन महिने असतात आणि वरून काही दिसत नाही. ट्रॅक्टरचं चाक एकदा गेलं की घरटं दबतं. रुंद चाकांची हातगाडी किंवा दोघांनी ओढायची लाकडी घसरगाडी पुरते. संध्याकाळच्या पाळीला मोठे दिवे लावू नका, पिल्लं पाण्याऐवजी दिव्याकडे चालू लागतात. डोक्यावरचा दिवा पुरे, वनखात्याकडे मिळाला तर लाल काचेचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुळणीजवळचे सगळे डबे उचलून आत ठेवा, फक्त रस्त्याकडचे राहू द्या. पावसाळ्यात समुद्र स्वतःच वर्षाचा हिशेब बाहेर टाकतो, जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल, चपला. त्याला डबे लागत नाहीत, पंधरवड्यातून एक मोठी वेचणी लागते. ती रापणीच्या लोकांना बरोबर घेऊन करा. जाळ्याचे तुकडे ते आपणहून वेगळे काढतात, त्यांना त्याचा उपयोग असतो.

कुणीतरी तुम्हाला नक्की म्हणेल की डबेच काढून टाका, आपला कचरा आपण घरी न्यावा. तुमच्या गावाला डोंगराआड एखादी लहान पुळण असेल, जिथे दिवसाला वीस-तीस माणसं चालत जातात, तिथे ते बरोबर आहे. तिथे डबा ठेवू नका. गर्दीच्या किनाऱ्यावर ते चालणार नाही, कारण बसनं आलेली आजी उष्टा द्रोण पदरात बांधून बेळगावपर्यंत नेणार नाही. आणि कुणी होन्नावरजवळच्या कासरकोडचं उदाहरण देईल. त्या किनाऱ्याला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, त्याचे ३३ निकष आहेत. जाऊन जरूर बघा, पण डब्यांचा आकार बघायला जाऊ नका. रविवारी पाच ते आठ तिथे बसा आणि डबा किती वेळाने, कोण, कशात रिकामा करतो ते लिहून आणा.

वहीचं राहिलं. प्रत्येक डब्याला रंगानं नंबर घाला. चार रविवार, दुपारी तीनपासून दर तासाला एका मुलानं फेरी मारून नंबरापुढे लिहायचं: रिकामा, अर्धा, पाऊण, वाहतोय. शेजारी तिथी. चार रविवारांनी तुम्हाला दिसेल की बारांतले चार सारखे वाहतात आणि तीन कधीच अर्ध्याच्या वर जात नाहीत. ते तीन उचलून त्या चारांच्या शेजारी ठेवायचे. मग पुन्हा दोन रविवार मोजायचं. एवढं करूनही दोन फेऱ्यांत सगळं मावलं नाही, तरच नवीन डबे, आणि तेही चार-सहा.

देणगीदाराकडे तेव्हा जा आणि यादी द्या: सहा ड्रम झाकणांसह, विणलेली पोती पाचशे, जाड हातमोज्यांचे बारा जोड, चार चिमटे, डोक्याचे चार दिवे, रुंद चाकांची एक हातगाडी, आणि ऑक्टोबर ते मेपर्यंत शनिवार-रविवार संध्याकाळी दोन माणसांची मजुरी. मजुरीवर देणगीदार कां-कूं करेल, तिच्यावर नाव रंगवता येत नाही. हातगाडीवर त्याचं नाव मोठं रंगवा. पोत्याचं वजन पंधरा किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे त्या हातगाडीवरच खाली लिहून घ्या, म्हणजे ओढणाऱ्याला कुणाशी भांडावं लागणार नाही.